अण्णांसोबत वादळाच्या पायऱ्या शिकताना

आमच्या गावच्या शेतकऱ्यांच्या सोसायटीने माझ्या सांगण्यावरून ज्वारी धुळीत पेरली आणि ती वाया गेली. त्या एका कारणाने मी आणि माझे वडील, अण्णा, समुद्रापर्यंत जाऊन आलो. आमच्या घरातून त्याआधी कुणी समुद्र पाहिला नव्हता. आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. ज्यांनी तो किनारा पाहिलेला नाही, पण ज्यांच्या रानावर त्या किनाऱ्याकडचे ढग कधीमधी येतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मधले काही दिवस माझ्या आठवणीत पुढेमागे झाले असतील. बोलणी मात्र बहुतेक जशीच्या तशी आठवतात, कारण त्यातली बरीचशी अण्णांची आहेत.

आधी गावचं सांगतो

बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावपासून पायी तासाभरावर आमचं गाव. मी केजच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, विषय भूगोल. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे पुस्तकात जे जे लिहिलेलं असतं ते याला ठाऊक आहे, असा गावात माझ्याबद्दल एक समज झाला होता. तो मोडायचं धैर्य मला झालं नाही. खरं सांगायचं तर तो मला आवडतही होता.

त्या वर्षी खरीप हातचं गेलं होतं. बहुतेकांची बैलं चारा छावणीत होती आणि गावात चारच जोड्या उरल्या होत्या. म्हणून सोसायटीने ठरवलं की रब्बीची ज्वारी सगळ्यांनी मिळून पेरायची. बी सोसायटीच्या खोलीत, पेरायच्या तिफणी चार, आणि पाळीपाळीने प्रत्येकाच्या रानात जायचं. एकदा पेरणी सुरू झाली की ती सगळ्या गावाची सुरू झाली.

अडचण एवढीच होती की पाऊस पडल्यावर चार तिफणींनी सुरुवात केली, तर निम्म्या गावाची पाळी येईपर्यंत ओल उडून जाणार. पाऊस नक्की येणार असेल तर बी आधीच धुळीत टाकून ठेवणं चांगलं, म्हणजे पावसासरशी सगळं एकदम उगवतं. आणि पाऊस आलाच नाही, तर बी मुंग्या-पाखरांचं.

भाद्रपदाच्या शेवटी रेडिओवर बातमी आली की बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ झालं आहे आणि ते अति तीव्र झालं आहे. परतीच्या दिवसांत आमच्याकडे जे चार थेंब पडतात ते पुष्कळदा तिकडूनच आलेले असतात, त्यामुळे ही बातमी आमच्याकडे कान देऊन ऐकतात. संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर माणसं जमली. सोसायटीच्या चेअरमनना सगळं गाव बप्पा म्हणायचं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"तू शिकतूस ना बाबा ह्ये? मग सांग. धुळीत टाकावं का थांबावं?"

मी म्हणालो, "अति तीव्र म्हणजे लई मोठं आहे, बप्पा. जितकं मोठं तितकं पाणी जास्त, आणि तितकं आतपर्यंत येणार."

असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते मला ऐन वेळी सुचलं होतं. पण 'अति तीव्र' हे शब्द इतके भरीव होते की मलाही ते पटलं. अण्णा कोपऱ्यात बसले होते. कुणीतरी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा ते म्हणाले, "पोरगं म्हणतंय तर आसंल."

पाच दिवसांत सोसायटीचं निम्मं बी जमिनीत गेलं. वादळ आंध्राच्या किनाऱ्यापाशी येऊन वळलं आणि वर, बंगालकडे निघून गेलं. आमच्याकडे उलट आभाळ निवळलं आणि कोरडा वारा सुटला. रानात सकाळी पाखरं उतरायची. पाचव्या-सहाव्या दिवशी अण्णांनी एक सरी उकरून पाहिली आणि पुन्हा बुजवून ठेवली.

मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. वडगावच्या हॉटेलवर एक जण तेवढा म्हणाला, "काय बे हवामान खातं, आज ऊन पडंल का न्हाई?" बाकीचे हसले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

बप्पांनी उरलेलं निम्मं बी कुलपात ठेवलं होतं. चित्रा नक्षत्र संपेपर्यंत ते पेरता येणार होतं, त्यानंतर नाही. त्यांनी मला घरी येऊन सांगितलं, "आता तुला दुसऱ्या बारीला इचारायचं हाय. पर आधी नीट शिकून यी. कुटं जायचं तिकडं जा."

कॉलेजातल्या आमच्या भूगोलाच्या सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी एक पत्र लिहून दिलं. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ हवामान खात्यात निरीक्षक होते. ते निवृत्त होऊन काकीनाड्याच्या पुढे आपल्या गावी राहत होते आणि तिथल्या मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी झाले होते. त्यांचं नाव रामुलू. सर म्हणाले, "पुस्तकातलं मी सांगीन. पण तू त्यांच्याकडे जा."

अण्णा म्हणाले, "मी बी येतो. तू एकटा शिकून आला आन् पुन्यांदा चुकला, तर मी गावाला काय सांगू? मी होतो म्हणून सांगंन तरी."

पाण्याचा कॅन

परळीला गाडीत बसलो तेव्हा आमच्याजवळ भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोन चादरी आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन होता. कॅन न्यायचा नाही असं मी म्हणून पाहिलं. दुष्काळात गावाबाहेर जाताना पाणी बरोबर न्यायची अण्णांना सवय लागली होती. बिदरला चढलेल्या एका माणसाने विचारलं कुठे निघालात, मी म्हटलं समुद्रावर, आणि तो कॅनकडे पाहत राहिला.

"पित्यात का त्ये तिकडचं पानी?" अण्णा मला म्हणाले. "न्हाई ना? मग आपलं आपल्याजवळ बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा खिडकीबाहेर सगळं हिरवं होतं. भाताची खाचरं, नारळ, आणि रुळांना लागून कालवा, काठोकाठ भरलेला. त्या कालव्यात एक म्हैस नुसती बसून होती. अण्णा बराच वेळ बाहेर पाहत होते. मग समोरच्या बाईंना, मराठी कळतं की नाही याचा विचार न करता, त्यांनी विचारलं, "ह्ये कुनाचं पानी हाय?"

बाईंना कळलं नाही. त्या हसल्या. अण्णा मला म्हणाले, "कुनाचं तरी आसंलच की."

उतरलो त्या स्टेशनवर फलाटावरचा नळ उघडा वाहत होता. अण्णांनी जाऊन तो बंद केला. एका मुलीने येऊन उघडला, तोंड धुतलं आणि तसाच सोडला. अण्णांनी पुन्हा बंद केला. बस लागेपर्यंत असं तीनदा झालं. शेवटी मी त्यांचा हात धरून बसकडे नेलं. केजच्या स्टँडवर त्या वर्षी कोरड्या नळाला पोतं बांधून ठेवलेलं असायचं.

हँडलांची भिंत

रामुलू मास्तर (तिथे सगळे त्यांना मास्तरच म्हणत) उंच, किरकोळ अंगाचे होते. लुंगी, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांची बरीचशी नोकरी हैदराबादेत झालेली, त्यामुळे ते तिथली दखनी बोलत. आमच्याकडचे म्हातारे लोक तशीच बोलतात. मी पुढे त्यांचं बोलणं बहुतेक मराठीतच देतो. त्यांनी चहा पुढे केला आणि अण्णा म्हणाले, "नको, नको."

"हौ, नक्को बोले तो भी पीना पडता," मास्तर म्हणाले.

अण्णांचा चेहरा उजळला. मला हळूच म्हणाले, "नक्को तर आपलंच हाय की रं."

मच्छीमार सोसायटीची कचेरी म्हणजे किनाऱ्यावरची एक पक्की खोली. आमच्या सोसायटीसारखंच टेबल, तसंच लोखंडी कपाट, तशीच मिटिंगच्या वह्यांची चळत. पण एका भिंतीवर रांगेने खिळे ठोकलेले होते आणि प्रत्येक खिळ्याखाली नंबर होता. मी विचारलं, हे कशाला? मास्तर म्हणाले, होड्यांच्या इंजिनांची हँडलं. डिझेल इंजिन हँडल मारल्याशिवाय सुरू होत नाही. बंदरावर खांबाला वादळाचं निशाण चढलं, की गावातल्या प्रत्येकाने आपलं हँडल आणून या खिळ्याला टांगायचं. निशाण उतरल्याशिवाय ते कुणालाही परत मिळत नाही, सेक्रेटरीच्या घरच्यांनाही नाही. ही अट सरकारने घातलेली नव्हती. सोसायटीने आपली आपण घालून घेतली होती.

अण्णांनी तो प्रकार दोनदा समजावून घेतला. "मंजी एकानं जाऊ न्हाई, तर कुनीच जाऊ न्हाई."

"एक गेला की सगळे जातात," मास्तर म्हणाले. "मासे वादळाच्या आधी वर येतात. एकाच्या टोपल्या भरलेल्या पाहिल्या की दुसऱ्याला राहवत नाही."

मग मी माझी गोष्ट सांगितली. ती सांगताना मी खाली पाहत होतो. मास्तरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर ते उठले आणि म्हणाले, "चला, वाळूवर उभे राहू."

तीन मिनिटं

दुपारचा वारा होता. मास्तरांनी मला विचारलं, आत्ता किती वारा आहे? मी नारळाच्या झावळ्या पाहिल्या, एक जोराचा झोत आला तेव्हा घाईने आकडा सांगितला. मास्तरांनी मान हलवली आणि अण्णांकडे वळले. अण्णा हात थोडे पसरून, डोळे अर्धे मिटून उभे होते. बराच वेळ काही बोललेच नाहीत.

"ह्यो जो मगा आला, ती झुळूक होती," ते म्हणाले. "वारा याच्या खाली हाय. सलग. त्याच्यात भुसा उडतो, दाना पडतो."

मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं की अण्णा खळ्यावर उभे होते. धान्य वारवताना तिवईवर उभं राहून सूप कधी ओतायचं हे ते नेहमी असंच ठरवत. झोतावर ओतलं तर दाणाही भुशात जातो. झोत जाऊ द्यायचा आणि मागून सलग चालणारा वारा धरायचा.

मास्तरांनी घड्याळ दाखवलं. तीन मिनिटं झाली होती. त्यांनी सांगितलं की वादळाला नाव देतात ते तीन मिनिटांच्या सरासरी वाऱ्यावरून. झोत धरत नाहीत. मग मला ते म्हणाले, "तुम्हारे अब्बा पास हो गए." अण्णा नुसते हसले, पण त्या दिवशी नंतर ते किनाऱ्यावर जरा ताठ चालत होते.

वाळूवर काठीने मास्तरांनी पायऱ्या काढल्या. सगळ्यात खाली नुसता कमी दाब, त्याला वाऱ्याचं फारसं बळ नसतं. वारा ताशी एकतीस किलोमीटरच्या वर गेला की डिप्रेशन. त्यात छत्री धरवत नाही. पन्नासाच्या वर डीप डिप्रेशन, तेव्हा समोरून चालणं जड जातं. बासष्टाला झाडांच्या बारीक फांद्या मोडायला लागतात आणि तिथून पुढे त्याला चक्रीवादळ म्हणायचं. एकोणनव्वदला तीव्र, एकशे अठराला अति तीव्र, आणि सगळ्यात वर, दोनशे वीसच्याही पुढे, महाचक्रीवादळ. (पुढे या शिडीत आणखी एक पायरी घातली गेली. पण खालच्या पायऱ्या त्याच आहेत.) आमच्या पुस्तकात वादळाला आवर्त म्हटलेलं होतं आणि गोल बाणांची एक आकृती होती. तिच्यात छत्री नव्हती.

मी सगळं वहीत उतरवून घेत होतो. मास्तरांनी काठीने वहीवर टकटक केलं.

"यात पाऊस कुठे लिहिला?"

मी पाहिलं. कुठेच नव्हता.

"ये हवा का नाम है बेटा. पानी का नहीं." मग त्यांनी सावकाश सांगितलं. ही शिडी होड्यांसाठी, छपरांसाठी, विजेच्या खांबांसाठी केलेली. अति तीव्र म्हणजे वारा अति तीव्र. पाऊस किती आणि कुठे, हे त्या नावात नाही. जोराचं वादळ कधी भलतीकडे वळून निघून जातं. आणि एखादं नाव घेण्यासारखंही नसलेलं, हळू चालणारं, आतपर्यंत जाऊन दोन दिवस बरसतं. शिवाय वादळ जगतं ते समुद्राच्या गरम वाफेवर. जमिनीवर चढलं की तिचा पुरवठा तुटतो आणि ते पायरी पायरी खाली उतरायला लागतं. तुमच्या बीडपर्यंत आलं तरी ते वादळ म्हणून येत नाही.

अण्णा ऐकत होते. म्हणाले, "मंजी छावणीतून काढलेला बैल. जितका चालंल तितका वाळत जानार."

मास्तरांना छावणी म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं. त्यांनी ते वाक्य आपल्या डायरीत तेलुगूत लिहून घेतलं. माझी दीड वर्षाची भूगोलाची वही आणि ते एक वाक्य यात मला आजही तेच जास्त उपयोगी वाटतं.

अम्मांचं ताट

आम्ही मास्तरांच्या घरीच उतरलो होतो. त्यांच्या पत्नीला सगळे अम्मा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. त्यांना फक्त तेलुगू येत होतं. केळीच्या पानावर भाताचा एवढा ढीग, वर चिंचेचं तांबडं माशाचं कालवण, बाजूला अंबाडीच्या पाल्याची चटणी. अंबाडी दिसल्यावर अण्णांना घरी आल्यासारखं झालं. भाकरी मात्र त्यांना आठवत होती. आपल्या पिशवीतली कडक झालेली शेवटची भाकरी काढून त्यांनी कालवणात कुस्करली. अम्मांनी तो प्रकार पाहून एक तुकडा मागून घेतला आणि चावत चावत काहीतरी म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "विचारते आहे, हे दात असलेल्या माणसांसाठी आहे का?"

मासे खायची मला सवय नव्हती. काटा घशात अडकला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा अम्मांनी पटकन कोरड्या भाताचा गोळा करून माझ्या तोंडात घातला आणि पाठीवर थाप मारली. काटा गेला. त्यानंतर त्या माझ्या पानात मासा स्वतः निवडून वाढायच्या, लहान मुलाला वाढावा तसा.

त्याच जेवणात अम्मांनी विचारलं, तुमच्याकडे वादळं येत नाहीत ना? मास्तरांनी भाषांतर केलं. मी कसलाही विचार न करता म्हणालो, "नाही येत. आम्ही वाट पाहतो वादळाची."

मास्तरांनी हे तेलुगूत सांगितलंच नाही. "येत नाहीत म्हणतो," एवढंच बहुतेक त्यांनी सांगितलं असावं, कारण अम्मांनी मान डोलावली आणि हात जोडल्यासारखे केले.

हात धुताना अण्णांनी मला कोपराने डिवचून भिंत दाखवली. भिंतीला चुना दिलेला होता, पण माझ्या छातीच्या उंचीवर एक मातकट रेघ होती. तिच्या वरही चुना होता आणि खालीही. रेघ तेवढी सोडलेली होती. मागच्या कुठल्यातरी वादळात समुद्र तिथपर्यंत घरात आला होता. आमच्या ओट्यावर मी 'अति तीव्र' म्हणालो तेव्हा माणसांचे चेहरे कसे खुलले होते, ते मला त्या रेघेपाशी आठवलं. तेव्हा माझाही खुलला होता.

टेलिफोन

चौथ्या दिवशी बंदरावरच्या खांबाला निशाण चढलं. उपसागरात डिप्रेशन झालं होतं आणि ते पश्चिमेकडे सरकत होतं. दुपारपर्यंत सोसायटीच्या खोलीत माणसांची रीघ लागली. एकेक जण यायचा, आपलं जड लोखंडी हँडल खिळ्याला टांगायचा आणि जायचा. नागेशू नावाचा मास्तरांचा पुतण्या, तिशीचा गडी, सगळ्यांत शेवटी आला. हँडल हातात धरून तो भांडत होता. मास्तरांनी नंतर मला सांगितलं, तो म्हणत होता की हे नुसतं डिप्रेशन, हे कसलं वादळ, छत्री सांभाळणाऱ्या बायकांचं हे.

मास्तरांनी रिकाम्या खिळ्याकडे बोट केलं. नागेशूने हँडल टांगलं. जाताना आमच्याकडे पाहून काहीतरी पुटपुटला आणि खोलीतले सगळे हसले.

"काय म्हनला त्यो?" अण्णांनी विचारलं.

मास्तर म्हणाले, "म्हणतो, हे वादळ ह्या पाहुण्यांना द्या बांधून. गाठोड्यात मावेल एवढंच आहे."

अण्णाही हसले. "त्याला म्हनावं, गाठ तूच मार. आमच्यानं सुटली तर वाटंतच सांडंल."

वारा वाढला, पाऊस सुरू झाला, अम्मांच्या परसातली एक केळ मोडली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते डिप्रेशन किनारा ओलांडून तेलंगणाकडे निघालं होतं. त्याच दुपारी बप्पा वडगावच्या किराणा दुकानात माझ्या फोनची वाट पाहत थांबणार होते, असं निघतानाच ठरलं होतं. रेडिओवर त्या दिवशी आमच्याकडच्यासाठी वेगळं असं काही सांगितलेलं नव्हतं. मी मास्तरांना विचारलं, येईल का आमच्याकडे? ते म्हणाले, "रोख तिकडे आहे. हळू आहे. एवढं मी सांगतो. येईलच, हे मी तीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही."

मी एसटीडी बूथवरून फोन लावला; बप्पांचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता. "बोल बाबा. धुळीत टाकू का?"

मी जे ठाऊक होतं ते सांगितलं. हे मागच्यापेक्षा पुष्कळ लहान आहे, पण नावावर जाऊ नका. हळू आहे आणि तोंड आपल्याकडे आहे. पाऊस येण्याजोगा आहे, पण येईलच हे मी सांगू शकत नाही.

"मग करायचं काय?"

"धुळीत टाकू नका. पडला, तर वाफसा पाहून पेरा."

मग बप्पा म्हणाले, "आरं पर चार तिफनी. निम्म्या गावाची ओल उडून जाईल. त्यांनी काय करायचं?"

मी बप्पांचा प्रश्न शेजारी उभ्या अण्णांना सांगितला. अण्णांनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. ते फोनवर नेहमी ओरडून बोलत, त्या दिवशी मात्र हळू बोलले.

"बप्पा, काळ्या रानास्नी आधी घ्या. खालच्या मळ्याकडून सुरू करा. बरडात टाकल्यालं उगवलं तरी कनसाला पोचनार न्हाई, ओल टिकत न्हाई तिथं. बरड शेवटी."

बप्पा काहीतरी म्हणाले असावेत.

"म्हाईत हाय मला माझं रान बरड हाय त्ये," अण्णा म्हणाले. "म्हनूनच म्हनतोय. दुसरा कोन म्हनंल?"

बुथवाल्याने पंखा बंद केला होता. बाहेर आलो तेव्हा अण्णांचा सदरा पाठीला चिकटला होता. मी म्हणालो, "अण्णा, आपल्याला काहीच राहणार नाही." ते म्हणाले, "तुझ्या सांगन्यावर त्यांचं बी गेलं. आता माझ्या सांगन्यावर त्यांचं ऱ्हाऊ दी."

परत

निशाण उतरलं त्या दिवशी आम्ही निघालो. हँडलं परत न्यायला माणसं आली होती. नागेशू आपलं घेऊन गेला आणि दारातून वळून अण्णांना त्याने हात केला. अम्मांनी सुकी अंबाडी बांधून दिली. अण्णांनी रिकामा कॅन त्यांच्या पाण्याने भरून घेतला. कशाला, असं मी या वेळी विचारलं नाही.

बिदर ओलांडल्यावर रुळांकडेची माती काळीभोर दिसायला लागली. परळीला उतरताच अण्णा फलाटाच्या टोकाला गेले, खाली वाकले आणि मूठभर माती घेऊन दाबून पाहिली. तिचा लाडू झाला. त्यांनी तो फोडला, हात पुसले आणि आम्ही जीप पकडली. आमच्याकडे दोन दिवस रिपरिप झाली होती. फार नाही, पण पेरण्याजोगी.

गावात पोचलो तेव्हा खालच्या मळ्यात तिफणी चालू होत्या. अण्णा पिशवी घरी न ठेवता तसेच तिकडे गेले आणि एका तिफणीमागे, बी सोडायच्या चाड्यावर मूठ धरून उभे राहिले. पुढचे चार दिवस आम्ही दोघंही लोकांच्या रानात होतो. रोज ऊन पडत होतं. रोज जमीन थोडी फिकट होत होती.

पाचव्या दिवशी सकाळी काळी रानं संपली आणि एक तिफण आमच्या बांधावर आली. सोसायटीचं बी थोडं उरलं होतं, आमच्या दोन एकराला पुरेल एवढं. मागोमाग बप्पा आले, आणखी पाच-सहा माणसंही आली. पाहायला आली होती का ओझं वाटून घ्यायला, मला ठाऊक नाही. बैल जुंपलेले होते. बप्पांनी चाड्यात बी ओतायला पोतं तिरकं केलं आणि थांबले.

"टाकू का?" त्यांनी मला विचारलं. अण्णांना नाही, मला.

मी बसलो. माती उकरली. चार बोटं खाली गेलो तरी ती मुठीत मोकळीच राहिली, लाडू झाला नाही. उभा राहून वाऱ्याला तोंड केलं आणि झोत जाऊ दिले. बराच वेळ थांबलो, तीन मिनिटांपेक्षा जास्तच. खालून चालणारा वारा उत्तरेकडचा होता, कोरडा, सलग. आभाळात कुठेच काही नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. आमचं रान होतं. हो म्हणावं असं मला फार वाटत होतं.

"नका टाकू," मी म्हणालो. "वाया जाईल."

"नक्की?"

"हो. हे नक्की."

बप्पांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा बैलांपाशी उभे होते, एकाच्या मानेवर हात ठेवून. ते माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत.

"आता सांगितलं की त्यानं," ते म्हणाले, आणि जू सोडायला वाकले.